करंजोईची सात गाठोडी

तुकाराम मिराशींना फक्त एक खोली रिकामी करायची होती. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण जोयडा तालुक्यात अजूनही कुणी म्हणतं की मिराशींनी सात बाया रस्त्यावर आणल्या, आणि कुणी म्हणतं की कोंबडं न देता पिडा जागवली. माणूस तसा साधा. मूळ खानापूरकडचं, घर रामनगरात, नोकरी करंजोईच्या सरकारी इस्पितळात भांडारपालाची. भांडारपाल हा शब्द ते एकटेच वापरत. बाकीचे त्यांना 'स्टोअरचे अण्णा' म्हणत, आणि ते त्यांना दर वेळी थोडंसं लागत असे.

खोली भरली होती ती पुस्तकांनी. सरकारी इस्पितळात यंत्र आलं की ते कसं चालवावं याची पुस्तकं सोबत येतात. एक इंग्रजीत, एक चिनीत, एक अरबीत, आणि एक अशा भाषेत जिचं नावही कुणाला सांगता येत नाही. रक्तदाब मोजायचं यंत्र तळहाताएवढं, पण त्याचं पुस्तक उशाला घ्यावं इतकं जाड. यंत्रं मोडली, गंजली, काही तर खोक्यातून बाहेरही न येता म्हातारी झाली. पुस्तकांना मात्र मरण नव्हतं. ती छतापर्यंत गेली होती, आणि सिस्टर रूपाली त्या खोलीत एकट्या जात नसत.

"अण्णा, आत कोणतरी पानं उलटायलंय," त्या म्हणत.

"वाळवी असंल."

"वाळवी पान खाती. उलटत न्हाई."

मिराशींनी चष्मा काढून पुसायला घेतला. उत्तर नसलं की ते असंच करत, आणि बघणाऱ्याला वाटे की माणूस विचार करतोय.

एके दिवशी डॉक्टर श्वेता मॅडमनी त्यांना बोलावून घेतलं. डायलिसिसचं यंत्र मंजूर झालं होतं. उळवीची जत्रा आटपली की लॉरी येणार. खोली मात्र तीच हवी, कारण पाण्याची टाकी तिच्याच डोक्यावर. "आणि मिराशी, एक लक्षात ठेवा. काही कमी पडलं तर लॉरी इथं थांबणार नाही. तशीच पुढच्या तालुक्याला जाईल."

बाहेर दाराशी शिपाई झिलू वेळीप उभा होता. त्याची बायको शांती. तिची दोन्ही मूत्रपिंडं गेलेली. आठवड्यातून दोनदा ती पहाटेच्या बसनं जंगल ओलांडून दांडेलीला जायची, आणि संध्याकाळी परत यायची ती अर्धी होऊन. मागच्या पावसात बसमध्येच तिची शुद्ध हरपली होती. झिलूनं आजवर कुणाकडं काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी त्यानं एवढंच विचारलं, "अण्णा, खोली व्हईल न्हवं?"

"व्हईल म्हणजे? झालीच समज," मिराशी म्हणाले. तेही गरजेपेक्षा मोठ्यानं.

योगायोग असा की त्याच आठवड्यात वरून एक परिपत्रक आलं होतं. इस्पितळांनी यंत्रांची जादा छापील पुस्तकं कमी करावीत, दर यंत्रामागे एकच प्रत ठेवावी, बाकी सगळं इंटरनेटवर आहेच. करंजोईत इंटरनेट टाकीवर चढल्यावर येतं, तेही वारं गोव्याकडून असलं तर. पण परिपत्रक ते परिपत्रक. मिराशींना प्रथमच वाटलं की दैव आणि सरकार एकाच बाजूला आहेत. माणसाचं असं झालं की समजावं, काहीतरी बिनसणार.

मग सल्ले सुरू झाले. त्यांच्या पत्नी ताराबाई म्हणाल्या, "अहो, शाळंत द्या. पोरं वह्यांना कव्हरं घालतील." पुस्तकं शाळेत गेली आणि दुपारच्या सुट्टीतच परत आली. पहिल्याच पानावर माणसाच्या आतड्यांचं रंगीत चित्र होतं आणि दोन पोरींना ओकाऱ्या झाल्या होत्या. चहाच्या टपरीवाल्यानं एक पान घेऊन त्यावर भजी ठेवून दाखवली. कागद गुळगुळीत, तेल पितच नाही. भजी घसरत घसरत गिऱ्हाइकाच्या मांडीवर गेली. पाण्याच्या बंबाला जाळून पाहिलं तर हिरवा धूर निघाला, आणि शेजारणीनं तीन दिवस वाळत घातलेली मिरची मिराशींच्या नावानं बोटं मोडत परत धुतली. शेवटी रामनगरचा रद्दीवाला म्हणाला, "आणून टाका, घेतो."

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. खंडेनवमीला सगळीकडं हत्यारापात्यांची पूजा होते, तशी इस्पितळात यंत्रांची. पण एका वर्षी हृदयाचा आलेख काढणाऱ्या यंत्रात कुंकू गेलं आणि आलेल्या प्रत्येकाचं हृदय एकाच चालीनं चालायला लागलं, तारा लावून पाहिलेल्या बंद पंख्याचंसुद्धा. तेव्हापासून रूपाली सिस्टरांनी नियम केला: कुंकू यंत्राला नाही, यंत्राच्या पुस्तकाला. त्यामुळं वर्षानुवर्षं त्या पुस्तकांना हळद लागली, कुंकू लागलं, झेंडूच्या पाकळ्या चिकटल्या, कापलेली लिंबं त्यांच्यात वाळली. मिराशींनी ही पुस्तकं बांधायला स्टोअरमधलं दप्तराचं जुनं लाल कापड काढलं. गाठोडी सात झाली. सातच का, तर कापड संपलं.

दर यंत्रामागे एक प्रत त्यांनी इमानानं बाजूला ठेवली. सरतेशेवटी एक नवंकोरं खोकं उरलं. आत डायलिसिस यंत्राचं पुस्तक. यंत्राच्या आधी पुस्तकच येऊन बसलं होतं. मिराशींनी नियम लावून पाहिला. इस्पितळात असं यंत्र आहे का? नाही. यंत्र नाही आणि पुस्तक आहे, म्हणजे जादा. या तर्काचा त्यांना इतका अभिमान वाटला की तो त्यांनी ताराबाईंना जेवताना दोनदा सांगितला. पुस्तक सातव्या गाठोड्यात गेलं.

भाड्यानं जीप चालवणाऱ्या लाडूच्या गाडीत गाठोडी चढली. जंगलाच्या गेटावर पहारेकऱ्यानं एक पान काढून वाकवून पाहिलं. "ह्याला प्लास्टिक चढवलंय. वाघाच्या जंगलातनं न्यायचं न्हाई." लाडू भांडला असता, पण जत्रेचे दिवस, फाट्यावर उळवीचे भाविक ताटकळत होते. त्यानं जीप वळवली, फाट्यावरच्या ऐनाच्या झाडाखाली सातही गाठोडी ओळीनं मांडली आणि माणसं भरून निघून गेला. उद्या दुसऱ्या वाटेनं नेऊ, असा त्याचा हिशेब.

दुसऱ्या दिवशी झाडाखाली काही नव्हतं. होता तो कुंकवाचा सडा, एक फुटका नारळ आणि कोंबडीची चार पिसं.

ऐनाचं ते झाड दोन गावांच्या शिवेवर आहे, हे लाडूच्या ध्यानातच आलं नाही. या मुलखात पिडा म्हणजे दुखणं आणणारी बाई. गावात साथ आली की ती लाल कापडात बांधून, हळदकुंकू लावून शिवेवर नेऊन ठेवतात. ज्यांच्या शिवेवर ती बसली त्यांनी दिवस मावळायच्या आत ती पुढच्या शिवेवर पोचवायची. नेणाऱ्यानं बोलायचं नाही, मागं वळून बघायचं नाही. आणि नेता नेता ज्याच्या घरात दुखणं आहे त्यानं आपलं काहीतरी तिच्यात घालायचं. मूठभर तांदूळ, केसांची बट, चोळीचा तुकडा. दुखणं त्याच्याबरोबर जातं. अशात जत्रेचे दिवस, मुलखाबाहेरची माणसं, आणि शिवेवर सात लाल गाठोडी. तीही इस्पितळातून निघालेली. लोकांनी दुसरं काय समजावं?

एरवी मिराशींनी दुरूनच हात जोडून पाठ फिरवली असती. पण त्याच दिवशी श्वेता मॅडम म्हणाल्या, "इंजिनिअरचा फोन होता. यंत्र ताब्यात देताना त्याचं छापील पुस्तक खोलीत हजर लागतं. पुस्तक नसेल तर यंत्र आलं असं धरत नाहीत. आपल्याकडं ते आधीच आलंय ना?"

"आलंय," मिराशी म्हणाले. "म्हणजे, येऊन गेलंय."

झिलू त्या दिवशी रजेवर होता हे एक बरं झालं. त्याच्या तोंडाकडं बघायची मिराशींची हिंमत नव्हती. त्यांनी लाडूला पकडलं आणि जीप गावोगाव फिरू लागली. पहिल्या गावात विचारलं, "हितं लाल गाठोडी आलती काय?" अंगणात बसलेल्या बाईनं सूप खाली ठेवलं आणि उठून आत गेली. दुसऱ्या गावात एका म्हाताऱ्यानं त्यांच्याकडं बघितलं, तोंडावर बोट ठेवलं आणि हातानं पुढची वाट दाखवली. तिसऱ्या गावात दारंच बंद. भर दिवसा, एकही कुत्रं भुंकत नव्हतं. प्रत्येक शिवेवर मात्र झाडाखाली ओळीनं सात गोल खुणा, गवत दबलेलं, आणि भोवती कुंकू.

"अण्णा," लाडू हळूच म्हणाला, "पुस्तकं अशी बसत न्हाईत. बायका बसतात अशा."

"गप गाडी चालव."

दुपार कलता कलता त्यांना ती दिसली. कापणी झालेल्या भाताच्या खाचरांपलीकडं, बांधावरून माणसांची रांग चालली होती. खांद्यावर बांबू, बांबूंना सात लाल गाठोडी. ढोल नाही, आवाज नाही, पायांचासुद्धा नाही. आणि गाठोडी मोठी झाली होती. मिराशींनी बांधली त्याच्या दीडपट तरी. ती बांबूवर जराशी हलत होती, सगळी एकाच लयीत. मिराशी उतरले आणि परत जीपकडं वळले. पण त्यांना शांती आठवली, पहाटेची बस आठवली, आणि ते बांधावर उभं राहून जीव खाऊन ओरडले, "अहो थांबा! ती आमची हायत! इस्पितळाची हायत!"

रांगेतलं कुणी वळलं नाही. फक्त चाल थांबली. क्षणभर सगळी पाठमोरी उभी राहिली, आणि मग रांगेनं दिशा बदलली.

पिडेला रस्त्यात आपली म्हणणारा माणूस या तालुक्यात पहिल्यांदाच जन्माला आला होता. संध्याकाळपर्यंत ही बातमी अणशीपर्यंत पोचली. घरी ताराबाईंनी त्यांना न्हाणीघराबाहेरच थांबवलं आणि तीनदा मीठमोहऱ्या उतरून टाकल्या. "लग्नाच्या वेळी मलासुद्धा एवढ्या मोठ्यानं आपली म्हणाला न्हवतात," असंही म्हणाल्या.

लॉरी आली त्या सकाळी इस्पितळात एकही रोगी नव्हता. बाकडी रिकामी. फाटकाबाहेर आंब्याखाली मात्र चार-पाच गावांची माणसं उभी होती, गप्प. आणि फाटकाच्या मधोमध, ओळीनं, सात गाठोडी. परत आली होती. लॉरीला आत यायला जागा नव्हती.

लॉरीतून अक्षय नावाचा इंजिनिअर उतरला. हुबळीचा, तरणा, गळ्यात ओळखपत्र. गाठोड्यांना वळसा घालून तो पायीच आत जाऊन आला. "खोली बघितली, छान हाय. पुस्तक कुठंय?"

मिराशींनी बोटानं दाखवलं. "त्यातल्या एकात."

"मग काढा की. मला दुपारी निघायचंय. नसंल तर तसं सांगा, पुढच्या तालुक्याची माणसं वाट बघायलीत."

झिलू लॉरीच्या चाकाशी उभा होता. शांती आंब्याच्या बुंध्याला टेकून बसली होती, पायांवर सूज, पदर कपाळापर्यंत. मिराशी पुढं झाले आणि गर्दीतून पहिल्यांदाच आवाज उठला, मोठा नाही, शंभर माणसांनी एकदम श्वास आत घ्यावा तेवढाच. बायजाअज्जी पुढं आल्या. तालुक्यात त्यांच्याएवढं वय कुणाचंच नव्हतं, आणि शिवेच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा.

"तुकाराम, आमचं समद्यांचं दुखणं हाय त्यात. उघडलंस की सुटतंय."

"अज्जी, ती यंत्रांची पुस्तकं हायत ओ!"

"आसतील. रिकामं भांडं व्हतं, आता भरलंय." अज्जींनी शांतीकडं बघितलं. मग म्हणाल्या, "ज्यानं बांधलं त्यानं उघडावं. पर उघडल्यापासनं गाऱ्हाणं थांबता नये. बोलतच ऱ्हायचं. तू गप झालास की त्या उठल्या."

"त्या कोण?"

अज्जींनी गाठोड्यांकडं हात जोडले.

मिराशी बी.कॉम. होते. देवाला गाऱ्हाणं घालणं हे गावच्या मानकऱ्याचं, गावकराचं काम, त्यांना त्यातला एक शब्द येत नव्हता. त्यांनी पहिली गाठ सोडली. आतून तांदूळ सांडले, केसांच्या बटा, लहान मुलाचं झबलं, कुणाचा तरी तुटलेला चष्मा, आणि एक थंड वाफ आली, विहिरीतून येते तशी. गर्दी वाट बघत होती. मिराशींनी वरचं पुस्तक उचललं, उघडलं, आणि इंग्रजी वाचत मराठीत ओरडायला लागले.

"हे यंत्र समजून घेतल्याशिवाय कुणी हात लावू नये!"

"व्हय म्हाराजा!" गर्दी म्हणाली. गाऱ्हाण्याला असंच म्हणतात.

"पाणी, धूर आणि लहान मुलं यांच्यापासून लांब ठेवावे!"

"व्हय म्हाराजा!"

"चमत्कारिक आवाज अथवा वास आल्यास ताबडतोब बंद करावे!"

"व्हय म्हाराजा!"

एका हातानं पुस्तक, दुसऱ्या हातानं गाठोड्यात शोध. दुसरं गाठोडं, तिसरं. "आतले भाग स्वतः उघडू नयेत!" याला व्हय फारच मोठा आला आणि मिराशींना घाम फुटला. चौथ्यात हाताला चिनी पुस्तक लागलं. थांबता तर येत नाही. "हे चिनी आहे!" ते किंचाळले. "व्हय म्हाराजा!" "मला वाचता येत नाही!" "व्हय म्हाराजा!" एवढ्या लोकांसमोर आपलं अज्ञान कबूल करायची वेळ त्यांच्यावर आजवर आली नव्हती. अक्षयनं आधी हसून घेतलं होतं. मग कधीतरी त्यानं बूट काढले, आणि पाचव्या गाठोड्याला तोही व्हय म्हणू लागला. कारण तोवर सगळ्यांनीच बघितलं होतं: वारं नव्हतं, आंब्याचं पान हलत नव्हतं, आणि सोडलेल्या गाठोड्यांतली पुस्तकं आपापली पानं उलटत होती. सावकाश, एकामागून एक, कुणीतरी वाचत असल्यासारखी. रूपाली सिस्टर खिडकीतून ओरडल्या, "अण्णा, वाळवी बघा तुमची!"

सातव्या गाठोड्यात, लोकांनी घातलेल्या सामानाखाली, ते नवंकोरं पुस्तक होतं. एका पानात काहीतरी घातलेलं होतं म्हणून ते तिथंच उघडलं. हिरवं काकण. मिराशींनी ते ओळखलं. दर महिन्याला पगाराच्या दिवशी झिलूचा डबा घेऊन येणाऱ्या हातावर त्यांनी ते बघितलं होतं.

झिलूनं मान खाली घातली. "पुस्तकं हायत ते ठावं व्हतं, अण्णा. आमच्या शिवंवर आली तवा समद्यांनी आपापलं घातलं. हे तिच्या यंत्राचं दिसलं, म्हणून मीबी घातलं. आत घालता येतं. भाईर काढता येत न्हाई."

मिराशींना रडू आलं. खरंखुरं, चष्मा पुसून न जाणारं. पण थांबायचं नव्हतं. काकण जिथं होतं तीच ओळ त्यांनी वाचली, आणि या वेळी त्यांना ओरडता आलं नाही.

"रुग्णाला यंत्रावर एकटं सोडू नये."

गर्दी गप्प राहिली. आत्तापर्यंत सगळे सवयीनं व्हय म्हणत होते, हे मात्र प्रत्येकाला समजलं होतं, आणि समजून व्हय म्हणणं सोपं नसतं. पानांची सळसळ थांबली. मग बायजाअज्जी म्हणाल्या, "व्हय म्हाराजा." मग झिलू. मग आंब्याखाली उभं असलेलं एकेक माणूस, हळू, आपल्या नावावर घेतल्यासारखं.

दुपारी यंत्र खोलीत बसलं. पुस्तक हजर होतं, अक्षयनं ते पाहिलं, आणि हात धुऊन मगच सही केली.

आता खोली रिकामी राहील असं मिराशींना वाटलं होतं. पण पिडेसमोर दिलेला शब्द मोडत नाहीत. शांती यंत्रावर असली की गावागावांतून पाळीनं माणसं येऊन तिच्याजवळ बसू लागली. कुणी पानसुपारी घेऊन, कुणी भाजी निवडत. एका म्हाताऱ्यानं गाय बाहेर बांधून आत हजेरी लावली. रूपाली सिस्टरांना सुई टोचायला जागा मिळेना. श्वेता मॅडमनी गर्दी कमी करायला सांगितलं, आणि मिराशींनी त्यासाठी एक परिपत्रक लिहायला घेतलं, पण त्यांचा हातच पुढं सरकेना. सात गाठोडी पुन्हा बांधून स्टोअरमध्ये गेली. जादा पुस्तकांबद्दल वरून विचारणा झाली तेव्हा त्यांनी कळवलं, येथे जादा काही नाही.

मग पावसाळ्यात एकदा दरड कोसळली. वाटा बंद. झिलूनं शांतीला कसंबसं खांद्यावरून आणून यंत्रावर ठेवलं आणि स्वतः पडलेली झाडं तोडायला गेला. दुसरं कुणीच पोचू शकलं नाही. सिस्टर एका अडलेल्या बाळंतिणीपाशी अडकल्या. मिराशींना हे कळलं तेव्हा ते चिखलातून धावत आले. कितीतरी वेळ गेला होता. खोलीत दिवा मिणमिणत होता, यंत्र नेमानं चाललं होतं, आणि शांती उशीला टेकून हसत होती.

"शांती, माफ कर ग. आज एकटीच पडलीस."

"एकटी कुठं, अण्णा? ह्या आलत्या की." तिनं पलंगाभोवतीच्या रिकाम्या जागेकडं हात केला. "साती जणी. लाल लुगड्यातल्या. लई चांगल्या हायत. फक्त बसायला काय न्हवतं, समद्या उभ्याच ऱ्हायल्या."

मिराशी तिथंच थबकले. शेजारच्या स्टोअरचं दार उघडं होतं. ते त्यांनी स्वतः कुलूप लावून बंद केलेलं होतं, आणि किल्ली त्यांच्या खिशात होती. आत पानांची सळसळ चालली होती, दमून घरी परतलेल्या बायकांच्या कुजबुजीसारखी. त्यांनी चष्मा पुसला. मग कुणालाही न विचारता, कुठंही न नोंदवता, स्टोअरमधून सात स्टुलं काढली आणि शांतीच्या पलंगाभोवती मांडून ठेवली.